व्यवस्थापन सल्लागार व्हायचंय? आधी प्रश्न मांडायला शिकू

आज आपण पदवीनंतर मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे व्यवस्थापन सल्लागाराच्या व्यवसायात, कसं शिरायचं याबद्दल बोलणार आहोत. हा विषय निघाला की आमच्यापुढे दोन प्रश्न हमखास येतात. मुलं विचारतात, आत शिरायचं कसं? आणि पालक विचारतात, बावीस-तेवीस वर्षांचं पोर, तीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसाला काय डोंबल सल्ला देणार? आपण पालकांच्या प्रश्नापासून सुरुवात करू. त्याचं उत्तर कळलं, की मुलांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपोआप मिळतं.

थोडा इतिहास बघू. आर्थर डी. लिटल या रसायनतज्ज्ञांनी १८८६ साली बॉस्टनमध्ये आपला व्यवसाय सुरू केला, तो या क्षेत्रातला सर्वांत जुना मानला जातो. १९२६ साली जेम्स मॅकिन्झी या शिकागोच्या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपली फर्म काढली. पुढे १९६३ मध्ये ब्रूस हेंडरसन यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि १९७३ मध्ये बिल बेन यांनी बेन ही कंपनी सुरू केली. सुरुवातीला या धंद्यात अनुभवी माणसंच घ्यायची पद्धत होती. मॅकिन्झीमध्ये मार्विन बोवर यांनी १९५० च्या दशकात ती बदलली आणि हार्वर्डसारख्या ठिकाणाहून नुकतेच बाहेर पडलेले तरुण घ्यायला सुरुवात केली.

असं का केलं असेल? आता बघा, अनुभव ग्राहकाकडे असतोच. त्याच्याकडे नसतो तो वेळ, आणि रोजच्या सवयीबाहेरून बघणारी नजर. गुंतलेला प्रश्न सुटा करायचा, त्यासाठी लागणारी माहिती गोळा करायची आणि ती नीट मांडायची, हे काम नवा पदवीधर शिकू शकतो. पालकांच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे. ते पोर एकटं सल्ला देत नाही. वरिष्ठांच्या हाताखाली ते प्रश्नाची फोड करतं.

म्हणूनच मुलाखतीतही हीच गोष्ट तपासतात. तिला केस इंटरव्ह्यू म्हणतात. त्यात कधी अंदाजाचा प्रश्न येतो. उदाहरणार्थ, पुणे शहराला दिवसाला किती दूध लागतं? घाईने आकडा फेकायचा नाही. मोठ्याने विचार करायचा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या साधारण ३१ लाख होती. आपण तीच धरू. घरटी चार माणसं धरली तर पावणेआठ लाख घरं होतात. घराला दिवसाला एक लिटर धरलं, तर झाले पावणेआठ लाख लिटर. पण दूध फक्त घरात लागतं का? चहाच्या टपऱ्या आहेत, हॉटेलं आहेत, मिठाईवाले आहेत. त्यांचं मिळून घरांच्या निम्मं धरू, म्हणजे एकूण पावणेबारा लाखांच्या आसपास आलो. आता दुसऱ्या बाजूने ताडून बघू. देशात दरडोई दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या पुढे दूध उपलब्ध असतं. त्याला ३१ लाखांनी गुणलं की चौदा लाखांच्या घरात जातो. दोन्ही उत्तरं एकाच टापूत आली, म्हणजे आपण फार भरकटलेलो नाही. परीक्षकाला हा सगळा रस्ता ऐकायचा असतो. कोणती गोष्ट गृहीत धरली ते आपण स्पष्ट सांगितलं का, हे तो बघतो.

दुसरा प्रकार धंद्याच्या अडचणीचा. समजा, एका एसटी आगाराचा तोटा वाढलाय, कारण शोधा. आधी दोन फांद्या पाडायच्या: उत्पन्न आणि खर्च. उत्पन्नाच्या फांदीवर फेऱ्या किती, फेरीमागे प्रवासी किती, तिकिटाचा दर किती. खर्चाच्या फांदीवर डिझेल, पगार, दुरुस्ती. बार्बरा मिंटो या मॅकिन्झीत काम केलेल्या बाईंनी यासाठी एक साधी शिस्त घालून दिली: भाग एकमेकांत मिसळू नयेत, आणि सगळे मिळून काही सुटू नये. भाजी निवडताना आपण वेगळं काय करतो!

पण मंडळी, नोकरी लागल्यावर खरी परीक्षा पुढे असते. आगाराच्या तक्त्यात दिसतं, की सकाळी सातची अमुक गावची फेरी रिकामी जाते. स्लाइडवर ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात: तोट्यातली फेरी बंद करावी. आता त्याच फेरीच्या कंडक्टरशेजारी बसून बघा. तो सांगेल, साहेब, कॉलेजची वेळ अर्ध्या तासाने पुढे गेली, गाडीची वेळ तीच राहिली. साडेसातला सोडा, उभं राहायला जागा मिळणार नाही. हे तक्त्यात कुठेच नव्हतं. आपण विचारलं नसतं, तर फेरी बंद झाली असती आणि त्या गावातल्या काही मुलींचं कॉलेज कदाचित तिथेच थांबलं असतं.

सल्ल्याचे परिणाम असे दुसऱ्यांच्या आयुष्यात उतरतात. २०२१ साली मॅकिन्झीने अमेरिकेत ओपिऑइड वेदनाशामकांच्या विक्रीबाबत दिलेल्या सल्ल्याच्या प्रकरणात, तिथल्या राज्यांना ५७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायचं कबूल करून तडजोड केली. तेव्हा आकडा बरोबर आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो कुणाला लागू होणार, हेही पहिल्या वर्षापासून विचारायला हवं.

आता मुलांच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं. आपल्याकडे ठळक वाटा तीन. आयआयएमसारख्या संस्थेतून एमबीए करून जाणं, ही पहिली. आयआयटी आणि निवडक महाविद्यालयांतून पदवीनंतर थेट बिझनेस अ‍ॅनालिस्ट होणं, ही दुसरी. आणि तिसरी, जिच्याकडे आपली मुलं फारशी बघत नाहीत: दोन-चार वर्षं वाहन उद्योग, बँक किंवा रुग्णालयात काम करायचं आणि त्या क्षेत्राची माहिती घेऊन मग डेलॉइट, केपीएमजी यांच्या सल्लागार विभागात किंवा एखाद्या छोट्या स्थानिक फर्ममध्ये जायचं.

जाण्याआधी किंमतही माहीत असू द्या. रात्री उशिरापर्यंत एक्सेल, आठवड्यातले बरेच दिवस परगावी, आणि कित्येक फर्ममध्ये ठरावीक मुदतीत बढती मिळाली नाही तर बाहेरचा रस्ता. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल, तर हा हिशेब घरच्यांना बरोबर घेऊन आधीच करावा.

आणि इंग्रजीची धास्ती बाळगणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सादरीकरणापुरतं इंग्रजी सरावाने येतं. पण चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीच्या फोरमनशी त्याच्या भाषेत बोलून खरी अडचण काढून घेणं, हे तुम्हाला आजच जमतं. ते टिकवा.

रोज एका बातमीतली अडचण घ्या, कागदावर तिच्या फांद्या पाडा आणि मित्राला मोठ्याने समजावून सांगा. महिनाभर करून बघा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.