तुवालू : नऊ बेटांचे राष्ट्र आणि त्याच्या अस्तित्वाचा प्रश्न

२०२५ च्या जून-जुलै महिन्यांत ऑस्ट्रेलियाने एका आगळ्या व्हिसासाठी नावनोंदणी सुरू केली. जागा वर्षाला केवळ २८० होत्या आणि निवड सोडतीने व्हायची होती. मुदत संपली तेव्हा अर्जदार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून ८,७५० जणांची नावे नोंदली गेली होती. ज्या देशाच्या नागरिकांसाठी ही सोडत होती, त्या तुवालूची लोकसंख्या साडेदहा हजारांच्या आसपास आहे. म्हणजेच दर दहांपैकी आठ जणांनी परदेशात कायम वास्तव्य करण्याच्या हक्कासाठी आपले नाव दिले.

समुद्राची पातळी वाढत असल्याने ज्या देशांचे भवितव्य चिंतेचा विषय झाले आहे, त्यांत तुवालूचे नाव अग्रभागी असते. राज्य कशास म्हणावे, याची सर्वमान्य व्याख्या १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात आढळते. त्यानुसार राज्यास निश्चित भूप्रदेश, कायम लोकसंख्या, शासन आणि अन्य राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता असावी लागते. यांपैकी भूप्रदेशच नाहीसा झाला, तर राष्ट्र उरते काय? हा प्रश्न ग्रंथांतून बाहेर पडून तुवालूच्या दारी येऊन उभा राहिला आहे.

भूमी : समुद्राच्या हातातील कंकणे

दक्षिण प्रशांत महासागरात, फिजीची राजधानी सुवा हिच्या उत्तरेस सुमारे एक हजार किलोमीटरवर तुवालूची नऊ बेटे वायव्येकडून आग्नेयेकडे विखुरलेली आहेत. नानुमेआ, नानुमांगा, निउताओ, नुई, वाइतुपू, नुकुफेताऊ, फुनाफुती, नुकुलाएलाए आणि निउलाकिता ही त्यांची नावे. सर्व बेटांची मिळून जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर भरते. भारताच्या लक्षद्वीप बेटांचे क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर आहे. हा संपूर्ण देश त्याहूनही लहान आहे. मात्र ज्या सागरी क्षेत्रावर तुवालूचा आर्थिक हक्क चालतो, ते सात लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे.

यांतील बहुतेक बेटे कंकणाकृती प्रवाळद्वीपे आहेत. मधोमध शांत, उथळ पाणी आणि त्याभोवती जमिनीची चिंचोळी पट्टी, अशी त्यांची रचना असते. राजधानी असलेल्या फुनाफुतीच्या मध्यभागी सुमारे २७५ चौरस किलोमीटरचा जलाशय आहे. त्याभोवतीची जमीन मात्र जेमतेम अडीच चौरस किलोमीटर. फोंगाफाले या तिच्या मुख्य बेटावर काही ठिकाणी एका बाजूला खुला महासागर आणि दुसऱ्या बाजूला हा जलाशय, यांमधील अंतर काही पावलांचेच आहे. देशातील सर्वोच्च स्थळाची उंची पाच मीटरही नाही.

ही बेटे कशी निर्माण झाली, याचा शोध घेण्यात फुनाफुतीने महत्त्वाची भूमिका बजावली आहे. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहते, असा सिद्धान्त चार्ल्स डार्विनने मांडला होता. तो पडताळण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात येथे छिद्रे घेतली. सुमारे ३४० मीटर खोल जाऊनही ज्वालामुखीचा खडक लागला नाही. खालपर्यंत प्रवाळजन्य खडकच मिळत गेला.

या भूमीवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी झिरपून खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. लोक त्या थरापर्यंत खड्डे खणतात आणि त्यांत अळूच्या जातीचा ‘पुलाका’ हा कंद पिकवतात. नारळ, नीरफणस आणि मासळी हा उर्वरित आहार. नारळाच्या पोयीतून काढलेला गोड रस, म्हणजे आपल्याकडील नीरा, तेथे ‘कालेवे’ या नावाने घरोघरी घेतला जातो. पिण्याच्या पाण्यासाठी मुख्य भिस्त छपरावरून टाक्यांत साठवलेल्या पावसावर असते. पाऊस रुसला की काय होते, हे २०११ मध्ये दिसले. त्या वर्षी सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली आणि परदेशांतून खारे पाणी गोडे करणारी यंत्रे आणावी लागली.

समुद्र किती चढला?

अमेरिकेच्या नासा या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार, तुवालूभोवतीची समुद्रपातळी त्याआधीच्या तीस वर्षांत सुमारे १५ सेंटीमीटरने वाढली आहे. पाच मीटरहून कमी उंचीच्या देशात ही वाढ मामुली नव्हे. उधाणाच्या भरतीच्या वेळी पाणी केवळ किनाऱ्यावरून आत येत नाही. सच्छिद्र प्रवाळातून ते जमिनीखालून वर येते आणि अंगणात साचते. खारे पाणी पुलाकाच्या खड्ड्यांत शिरले की पीक कुजते. १९७२ च्या बेबे आणि २०१५ च्या पॅम या चक्रीवादळांनी या बेटांची मोठी हानी केली.

तथापि चित्र एकरंगी नाही. न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९७१ ते २०१४ या काळातील हवाई आणि उपग्रह छायाचित्रे तपासून २०१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशातील १०१ लहानमोठ्या बेटांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बेटांचा विस्तार वाढला असून एकूण जमिनीत २.९ टक्के भर पडली आहे, असे त्यांना आढळले. लाटा प्रवाळाचा चुरा किनाऱ्यावर आणून टाकतात आणि बेटांचा आकार पालटतो, हे त्यामागील कारण. मात्र जमीन टिकणे आणि ती राहण्याजोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाळूचा नवा पट्टा तयार झाला, म्हणून विहिरीचे खारावलेले पाणी गोडे होत नाही.

लोक : ‘आठ जण एकत्र उभे’

तुवालू या नावाचा अर्थ ‘आठ जण एकत्र उभे’ असा होतो. नववे बेट निउलाकिता येथे कायमची वस्ती नव्हती. १९४९ मध्ये निउताओचे लोक तेथे जाऊन राहिले. राष्ट्रध्वजावर मात्र नऊही बेटांचे तारे आहेत. लोक पॉलिनेशियन वंशाचे असून तुवालू भाषा बोलतात. केवळ नुई बेटावर शेजारच्या किरिबातीच्या भाषेशी नाते सांगणारी बोली प्रचलित आहे. १८६१ मध्ये कुक बेटांवरील एलेकाना हा ख्रिस्ती सेवक वादळात भरकटून नुकुलाएलाएच्या किनाऱ्याला लागला आणि तेथून नव्या धर्माचा प्रसार झाला. आज बहुसंख्य नागरिक तुवालूच्या ख्रिस्ती मंडळीचे अनुयायी आहेत.

या समाजाने मोठे आघातही सोसले आहेत. १८६३ मध्ये पेरूच्या मजूर पळविणाऱ्या जहाजांनी फुनाफुती आणि नुकुलाएलाए येथून चारशेहून अधिक माणसे नेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकी सैन्याने फुनाफुतीवर धावपट्टी बांधली. तिच्या भरावासाठी जमीन खणली गेली आणि नारळाच्या बागा नष्ट झाल्या. ते खड्डे भरून निघण्यास २०१५ साल उजाडले. आज त्याच धावपट्टीवर सायंकाळी मुले चेंडू खेळतात आणि उकाड्याच्या रात्री लोक चटया अंथरून झोपतात. विमान येण्याची वेळ झाली की भोंगा वाजतो आणि धावपट्टी मोकळी केली जाते.

जमीन ही तेथे केवळ मालमत्ता नाही. अनेक कुटुंबांची जमीन सामाईक असते. या पद्धतीला ‘काइतासी’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘एकत्र जेवणे’. एका जमिनीवर जेवणारे ते एका कुळाचे, असा हा भाव आहे. त्यामुळे जमीन गमावणे म्हणजे नातीगोती बांधून ठेवणारा धागा गमावणे होय.

शासन : लहान संसद, मोठी जबाबदारी

ब्रिटनने १८९२ मध्ये या बेटांवर संरक्षित राज्य स्थापन केले. पुढे गिल्बर्ट आणि एलिस बेटे या एकाच वसाहतीत मायक्रोनेशियन गिल्बर्टवासी आणि पॉलिनेशियन एलिसवासी एकत्र बांधले गेले. स्वातंत्र्याची चाहूल लागताच संख्येने अल्प असलेल्या एलिसवासीयांना स्वतंत्र वाट हवीशी वाटू लागली. १९७४ मध्ये सार्वमत झाले. वेगळे झाल्यास ओशन बेटावरील फॉस्फेटच्या उत्पन्नात वाटा मिळणार नाही आणि वसाहतीच्या जहाजांपैकी केवळ एक पदरी पडेल, अशी ब्रिटनची अट होती. तरीही ३,७९९ विरुद्ध २९३ मतांनी लोकांनी वेगळेपण स्वीकारले. आज जे राष्ट्र टिकविण्याची धडपड चालली आहे, ते लोकांनी इतकी किंमत मोजून मिळविलेले आहे. १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू स्वतंत्र झाले.

देशात संसदीय राजेशाही आहे. ब्रिटनचे राजे हे तुवालूचेही राजे असून गव्हर्नर जनरल त्यांचे प्रतिनिधित्व करतात. प्रजासत्ताक व्हावे काय, यावर २००८ मध्ये घेतलेल्या सार्वमतात मतदान अल्प झाले आणि बहुमत राजेशाहीच्या बाजूने पडले. एकसभागृही संसदेत १६ सदस्य असतात. आठ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन. राजकीय पक्ष नाहीत. सदस्य आपल्यामधून पंतप्रधान निवडतात आणि दोन-तीन सदस्यांनी बाजू बदलली तरी सरकार डळमळते. २०१३ मध्ये संसद बोलाविण्यावरून पेच निर्माण झाला, तेव्हा गव्हर्नर जनरलनी पंतप्रधान विली तेलावी यांना पदावरून दूर केले. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत तत्कालीन पंतप्रधान कौसेआ नातानो यांनाच आपली जागा राखता आली नाही आणि फेलेती तेओ यांची पंतप्रधानपदी बिनविरोध निवड झाली.

बेटांचा स्थानिक कारभार ‘फालेकाउपुले’ या पारंपरिक सभेकडे आहे. १९९७ च्या कायद्याने या सभांना अधिकृत अधिकार दिले. ज्येष्ठांच्या विचारविनिमयाची जुनी रीत आणि आधुनिक प्रशासन यांची ही सांगड आहे.

उत्पन्नाची साधने मोजकी आहेत. कुपा, म्हणजेच ट्यूना मासळी पकडणाऱ्या परदेशी जहाजांकडून मिळणारे परवाना शुल्क हा मुख्य आधार. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांच्या साह्याने उभारलेल्या विश्वस्त निधीतून तूट भरून निघते. इंटरनेटवरील पत्त्यांसाठी देशाला ‘टीव्ही’ ही अक्षरे मिळाली आणि दूरचित्रवाणीशी संबंधित कंपन्यांना ती आकर्षक वाटली. त्या हक्कातून आलेल्या पैशाच्या बळावर २००० मध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रांचा १८९ वा सदस्य झाला. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. देशातील पहिले एटीएम एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाले.

भारताशीही तुवालूचे औपचारिक नाते आहे. २०१४ मध्ये सुवा येथे स्थापन झालेल्या भारत-प्रशांत द्वीपसमूह सहकार्य मंचातील चौदा देशांत त्याचा समावेश होतो.

भूमीविना राष्ट्र?

संकटाला सामोरे जाताना तुवालूने एकाच वेळी तीन मार्ग धरले आहेत. पहिला भूमी राखण्याचा. फुनाफुतीत समुद्रात भराव घालून ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशी नवी, उंच जमीन तयार करण्यात आली आहे.

दुसरा मार्ग कायद्याचा. २०२३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून, समुद्राने भूमी गिळली तरी तुवालूचे राज्यत्व आणि सागरी सीमा कायम राहतील, असे घोषित करण्यात आले. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागार मतातही, एकदा स्थापन झालेल्या राज्याचा एखादा घटक लोपला म्हणून त्याचे राज्यत्व संपतेच असे नाही, असा अभिप्राय व्यक्त झाला. तुवालूसारख्या देशांसाठी हा मोठा आधार ठरला.

तिसरा मार्ग ऑस्ट्रेलियाशी झालेल्या ‘फालेपिली’ कराराचा. या शब्दाचा भाव मराठीतील शेजारधर्म या शब्दाशी जुळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वाक्षऱ्या झालेला हा करार ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. वर्षाला २८० जणांना ऑस्ट्रेलियात राहण्याचा, शिकण्याचा आणि काम करण्याचा हक्क तो देतो. तुवालूचे राज्यत्व अबाधित राहील, हेही ऑस्ट्रेलियाने त्यात मान्य केले आहे. त्याची किंमतही आहे. संरक्षण आणि सुरक्षेविषयी अन्य देशाशी काही ठरवायचे तर तुवालूला ऑस्ट्रेलियाची सहमती घ्यावी लागते. या कलमावर तुवालूमध्ये टीकाही झाली.

स्थलांतर या लोकांना नवे नाही. वाइतुपूच्या रहिवाशांनी १९४६ मध्ये फिजीतील किओआ हे बेट विकत घेतले आणि पुढील वर्षापासून तेथे वस्ती केली. त्यांचे वंशज आजही आपली भाषा आणि चालीरीती जपून आहेत. नव्या व्हिसातही कायमचे निघून जाण्याचे बंधन नाही. तो घेणारा केव्हाही मायदेशी परतू शकतो. म्हणून ८,७५० या आकड्याचा अर्थ ‘देश सोडणारे’ असा लावणे घाईचे ठरेल. दार उघडे असावे, असे त्या कुटुंबांना वाटते. मात्र परतून येण्यासाठी घराखालची जमीन शिल्लक राहील की नाही, हे फुनाफुतीत ठरणार नाही. ते जगातील मोठे देश आपल्या कारखान्यांतून आणि वाहनांतून किती धूर सोडतात, यावर अवलंबून आहे.