इस्पितळाची अमानत आणि वरिष्ठांचा धाक

व्यापारात गिऱ्हाइकाचा पैसा जितका मोलाचा, तितकीच त्याची माहितीही मोलाची. कोणाची उधारी किती, हे आपण शेजारच्या पेढीवर सांगत नाही. इस्पितळाचे काम तर त्याहून नाजूक. रोग्याचे नाव, पत्ता, आजार, औषध ही सारी त्याने विश्वासाने सोपविलेली अमानत असते. पूर्वी ती केसपेपरवर लिहून कपाटात ठेवीत. आता ती संगणकात असते आणि परमुलखात बसलेला चोरही त्या कपाटात हात घालू शकतो. यावर इलाज काय, असे विचारले की बहुतेक जण महागड्या यंत्रणेचे नाव घेतात. आमच्या मते पहिला इलाज माणसांत आहे. त्यासाठी सिंगापूरचे उदाहरण वाचकांनी ध्यानात घ्यावे.

सिंगहेल्थ हा सिंगापूरच्या सरकारी इस्पितळांचा सर्वांत मोठा समूह. २७ जून ते ४ जुलै २०१८ या आठवडाभरात त्याच्या संगणकातून सुमारे १५ लाख रोग्यांची नावे, पत्ते, जन्मतारखा चोरीस गेल्या. त्यांपैकी सुमारे १ लाख ६० हजार जणांना कोणती औषधे दिली, याची नोंदही गेली. त्या वेळचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांची माहिती तर चोरांनी पुन्हा पुन्हा शोधून काढली.

निवृत्त न्यायाधीश रिचर्ड मॅग्नस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चोर ऑगस्ट २०१७ मध्येच आत शिरले होते. जून २०१८ मध्ये कोणीतरी आत येण्याची खटपट करीत असल्याच्या खुणा काही कर्मचाऱ्यांना दिसल्या आणि त्यांनी आपसांत व वरिष्ठांना तसे सांगितलेही. परंतु ज्या अधिकाऱ्याने ही बाब पुढे न्यायची, तो थांबून राहिला. वर कळविले तर आपल्यावर आणि आपल्या माणसांवर कामाचे दडपण येईल, हे त्याच्या थांबण्याचे एक कारण समितीने नोंदविले. ४ जुलैला एका दक्ष कर्मचाऱ्याने संशयास्पद हालचाल पाहून ती रोखली, तरीही सरकारी सायबर सुरक्षा संस्थेपर्यंत खबर पोहोचायला १० जुलै उजाडला. कर्मचाऱ्यांना पुरेशी जाण आणि तालीम नव्हती, हा समितीचा पहिलाच निष्कर्ष होता.

म्हणजे चोराची चाहूल लागली होती. खबर पुढे गेली नाही.

समितीने याचा दोष कोणा एका जमातीच्या स्वभावाला दिला नाही आणि आम्हीही देत नाही. पण सिंगापूरसारख्या ठिकाणी पुढाऱ्याचे काम किती कठीण असते, हे समजून घ्यावे. त्या देशाच्या राजभाषाच चार आहेत: मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी. इस्पितळांत फिलिपिन्स, मलेशिया आणि आपल्या भारतातूनही परिचारिका येतात. कोणाच्या घरची शिकवण अशी की साहेबाला उलट विचारू नये. कोणाला वाटते की तोंड उघडले तर नोकरी जाईल. तर कोणी मोकळेपणे बोलतो आणि तो उद्धट ठरतो. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या आयबीएम कर्मचाऱ्यांची पाहणी करून हे वरच्या आणि खालच्या माणसांमधले अंतर मोजले होते. जिथे ते अंतर जास्त, तिथे वाईट बातमी वर जायला वेळ लागतो. संगणकाच्या चोरीत तर एकेक तास मोलाचा असतो.

म्हणून अशा जागी भिंतीवर इंग्रजी सूचनांचा कागद चिकटवून भागत नाही. पुढाऱ्याने चार गोष्टी कराव्यात. सूचना प्रत्येकाला समजेल अशा बोलीत, त्याच्या कामातले उदाहरण देऊन सांगावी. संशय आला तर नेमके कोणाला फोन करायचा, ते एक नाव सर्वांना पाठ असावे. चुकून फसव्या पत्रावर बोट दाबले गेले आणि त्याने लगेच सांगितले, तर त्याला चारचौघांत झापू नये. आणि खबर देणाऱ्याची कदर करावी. सिंगापुरात संगणक सांभाळणाऱ्या संस्थेने दोघांना कामावरून काढले आणि मुख्याधिकाऱ्यासह वरच्या पाच जणांना दंड केला. पण दक्ष राहिलेल्या तिघांना प्रशस्तिपत्रेही दिली. आमच्या मते त्या शिक्षांइतकेच मोल या शाबासकीला आहे.

आपल्या देशातही हे संकट आले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि कित्येक दिवस नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. अशी घटना ध्यानात येताच सहा तासांच्या आत कळवावी, असा सर्ट-इन या सरकारी संस्थेचा आदेश त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाला होता. पण वॉर्डातल्या मुलाला साहेबांच्या खोलीत जायचीच भीती वाटत असेल, तर सहा तास कशाला पुरणार?

आपल्यापैकी अनेक जण जमातीच्या दवाखान्यांच्या ट्रस्टवर आहेत. पुढच्या बैठकीत यंत्राच्या खर्चाबरोबर हाही विषय काढावा. नोंदणीच्या खिडकीवरचा मुलगा, आया, लॅबवाला यांना बोलावून विचारावे: काही विपरीत दिसले तर तुम्ही कोणाला सांगाल? उत्तर चटकन आले नाही, तर सुधारणेची सुरुवात तिथूनच करावी. हाच प्रश्न आपल्या पेढीवर, कारखान्यातही विचारून पाहावा. तिथेही बिहारचा कारागीर, कोकणातला दिवाणजी आणि मारवाडी दलाल एकाच छपराखाली काम करतात, आणि पैशांची उलाढाल आता मोबाईलवर होते. मालकाच्या रागाला भिऊन कोणी गप्प बसले, तर नुकसान मालकाचेच होते.