खाजकुइली ठीक, पण गुठळीचं काय?

कर्जत-खालापूरच्या रानात खाजकुइली दिसली की आपण चार हात लांबूनच जातो. पण तिच्या बियांत एल-डोपा असतं, पार्किन्सन्सच्या गोळीत असतं तेच. (बिया घरी खाऊन बघू नका, डोसचा काही भरवसा नाही!) त्यापासून मेंदूत डोपामाइन बनतं, ताठरपणा कमी होतो. मूळ लोचा मात्र तसाच राहतो. अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन एरवी चेतापेशीच्या टोकाशी, स्निग्ध पडद्याला चिकटून निमूट काम करतं. त्याच्या गुठळ्या झाल्या की त्याच पडद्याला भोकं पडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते, असं संशोधकांना वाटतं. गुठळीआधी या प्रथिनाचे द्रवरूप थेंब जमतात, हे पवईच्या आयआयटीतल्या समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. म्हणजे आपल्या कांजूरमार्ग स्टेशनपासून फार लांब नाही. गुठळी रोखणारं औषध अजून जगात कुठेच मिळत नाही.