भीमथडी तट्टांतील पट्टकृमींचे निदान

भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या माळरानावर मेंढपाळ धनगरांचे वाडे फिरत असतात. प्रत्येक वाड्याबरोबर काही तट्टे असतात. बिऱ्हाडाची भांडीकुंडी, जाळ्या, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि प्रसंगी लहान मुले हा सारा भार या तट्टांच्या पाठीवरून वाहिला जातो. पूर्वी बारामती हे गाव ज्या भीमथडी तालुक्यात मोडत असे, त्याच्याच नावाने हे घोडे ओळखले जातात. मराठ्यांच्या घोडदळात यांच्याच पूर्वजांनी दूरदूरचे प्रांत पाहिले. अलीकडे या घोड्यांना स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली आहे. अशा तट्टाला वाटेत पोटशूळ झाला, तर एक जनावर आजारी पडले एवढ्यावर ती गोष्ट थांबत नाही. सारा वाडाच घाटाच्या पायथ्याशी अडकून पडतो.

घोड्यांच्या पोटशुळाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक पट्टकृमी होय. प्राउडमन, फ्रेंच व ट्रीज या संशोधकांनी १९९८ मध्ये ब्रिटनमधील रुग्ण घोड्यांच्या अभ्यासावरून असा निष्कर्ष काढला, की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात चारा तटून होणाऱ्या शुळापैकी सुमारे ८१ टक्के आणि आचके येऊन होणाऱ्या शुळापैकी सुमारे २२ टक्के प्रकरणांचा संबंध या कृमींशी असावा. हे आकडे परदेशी घोड्यांचे आहेत, हे खरे. तथापि कृमीची राहण्याची जागा लक्षात घेतली म्हणजे असे का व्हावे हे कळून येते.

घोड्यांत तीन जातींचे पट्टकृमी आढळतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा ॲनोप्लोसेफाला परफोलिएटा हा होय. पट्टकृमी म्हटले की लांबलचक फितीचे चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु हा कृमी फार तर ८ सेंटिमीटर लांबीचा, जाड पानासारखा असतो. त्याच्या डोक्यावर आकडे नसतात, चार चूषके असतात. लहान आतडे जेथे उंडुकाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीला मिळते, त्या अरुंद तोंडाशी हे कृमी दाटीने चिकटून राहतात. थोडे असले तर विशेष काही होत नाही. शेकड्यांनी असले म्हणजे तेथील अस्तरावर व्रण पडतात, भिंत जाड होते आणि मुळातच अरुंद असलेली वाट अधिक अरुंद होते.

मेंढपाळाला पट्टकृमी ठाऊक नाही असे नव्हे. कोकरांच्या लेंड्यांत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे त्याने पुष्कळदा पाहिलेले असतात. ते मोनिझिया या मेंढ्यांच्या कृमीचे खंड असतात. हा कृमी घोड्यात वाढत नाही आणि घोड्याचा मेंढीत वाढत नाही. मात्र दोघांचेही मधले यजमान एकाच गटातले आहेत: माती आणि कुजक्या पालापाचोळ्यात राहणारे, टाचणीच्या टोकाहूनही लहान, कोळ्यांच्या वर्गातील कवचधारी जीव. लिदीतून पडलेली अंडी हे जीव खातात, दोन ते चार महिन्यांत त्यांच्या शरीरात कृमीची पुढची अवस्था तयार होते आणि गवताबरोबर असा जीव गिळला गेला की घोड्याला लागण होते. मेंढ्यांच्या अनुभवावरून मेंढपाळ असा तर्क करतो की, तट्टाला कृमी असते तर ते लिदीत दिसले असते. या तर्कातच खरी फसगत आहे. घोड्याच्या लिदीत खंड क्वचितच नजरेस पडतात.

डोळ्यांना दिसत नाही ते सूक्ष्मदर्शकाला दिसेल, ही अपेक्षाही पूर्णपणे सफल होत नाही. गोलकृमींची अंडी मोजण्याची जी नेहमीची रीत आहे, तीत दोन-चार ग्रॅम लीद मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून तिचा अगदी लहानसा भाग तपासला जातो. गोलकृमींची मादी आतड्यात सतत अंडी घालते व ती लिदीत बऱ्यापैकी मिसळतात. त्यामुळे थोड्या लिदीवरूनही अंदाज बांधता येतो. पट्टकृमीची अंडी मात्र पक्व खंडांत कोंडलेली असतात. खंड कधी सुटतात, कधी सुटत नाहीत. सुटल्यावर फुटतील तेथेच अंडी विखुरतात. म्हणून एकाच गोळ्याच्या एका बाजूस अंडी असतात आणि दुसऱ्या बाजूस एकही नसते. शिवाय ही अंडी जड असल्याने मिठाच्या द्रावणात नीट वर येत नाहीत. या रीतीने ‘अंडी नाहीत’ असा निर्वाळा मिळाला, तर त्याचा अर्थ जवळजवळ काहीच होत नाही.

यावर तोडगा म्हणून जी पद्धत रूढ झाली, तिची पारख प्राउडमन व एडवर्ड्‌स यांनी १९९२ मध्ये केली. तीत ३० ते ४० ग्रॅम लीद घेतात. ती पाण्यात कालवून गाळतात व अपकेंद्री यंत्रात फिरवून गाळ खाली बसवतात. वरचे पाणी ओतून देऊन त्या गाळात साखरेचे दाट द्रावण मिसळतात, नळीच्या तोंडावर पातळ काच ठेवतात व पुन्हा फिरवतात. वर आलेली अंडी काचेला चिकटतात. द्रावणासाठी ३५५ मिलिलिटर पाण्यात ४५४ ग्रॅम साखर विरघळवावी व बुरशी येऊ नये म्हणून थोडे फॉर्मॅलिन घालावे. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.२७ च्या आसपास भरते. उसाच्या या मुलखात निदान या एका रसायनाची टंचाई पडू नये! अंडे ओळखण्यास कठीण नाही. ते ६५ ते ८० मायक्रॉन आकाराचे, जाड कवचाचे, एका बाजूने चपटे झालेले असते. आत पेअरच्या फळासारखी एक रचना व तिच्यात सहा आकड्यांचा गर्भ दिसतो. गोलकृमीचे लंबगोल, पातळ कवचाचे अंडे त्याहून अगदी निराळे दिसते.

या सुधारलेल्या पद्धतीनेही बाधित घोड्यांपैकी सुमारे ६१ टक्केच सापडले. मात्र निरोगी घोडा बाधित ठरण्याची चूक फारच थोडी, शंभरात दोनच्या आसपास, झाली. २० हून अधिक कृमी असलेले घोडे पुष्कळ अधिक खात्रीने उमगले आणि शुळाचा धोका त्यांनाच जास्त असतो. सारांश, अंडे दिसले तर विश्वास ठेवावा; न दिसले तर ठेवू नये.

परंतु येथे वाड्याची रचनाच परीक्षकाच्या उपयोगी पडते. एका वाड्याची तट्टे एकत्र चरतात, एकत्र चालतात. एकाला लागण झाली तर इतरांनाही होण्याचा संभव मोठा. एकच बाधित तट्टू तपासले तर ते निसटण्याचा संभव शंभरात ३९ असतो. तीन बाधित तट्टे तपासली तर तिन्ही निसटण्याचा संभव शंभरात सहापर्यंत उतरतो. कृमी थोडे असल्यास हा हिशेब इतका अनुकूल राहत नाही. तरीही आजारी तट्टाचीच लीद तेवढी पाठविण्यापेक्षा सगळ्या तट्टांची पाठविणे केव्हाही श्रेयस्कर. दुसरी एक युक्ती आहे. प्राझिक्वांटेल हे औषध दिल्यावर कृमी मरून फुटतात आणि दुसऱ्या दिवशीच्या लिदीत अंड्यांचे प्रमाण एकदम वाढते. पशुवैद्याच्या सल्ल्याने दोन-तीन संशयित तट्टांना मात्रा देऊन १८ ते २४ तासांनंतरची लीद तपासली, तर उपचार आणि निदान दोन्ही साधतात. आयव्हरमेक्टिन हे सर्रास दिले जाणारे औषध मात्र पट्टकृमीवर चालत नाही. ते दिल्यामुळे तट्टू निर्धास्त झाले असे समजणे चुकीचे आहे.

रक्तातील प्रतिपिंडांवरून लागण ओळखण्याची कसोटी १९९६ मध्ये पुढे आली. तिने लागण झाल्याचे कळते. पण कृमी मेल्यानंतरही प्रतिपिंड काही महिने रेंगाळत असल्याने ती आजची की मागची, हे कळत नाही. लाळेवरील कसोटीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुई टोचावी लागत नाही आणि उपचारानंतर लाळेतील प्रतिपिंड अधिक लवकर ओसरतात, हे तिचे गुण. तिची संवेदनशीलता ८३ टक्के आढळली. या टक्केवाऱ्या ज्यांवरून निघाल्या ते घोडे बहुतांशी परदेशी कत्तलखान्यांतील होते, कारण प्रत्यक्ष आतडे उघडून कृमी मोजल्यावाचून कोणत्याही कसोटीची परीक्षा होत नाही. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणून एखादे तट्टू मरण पावलेच, तर त्याच्या उंडुकाचे तोंड उघडून पाहण्याची संधी पशुवैद्याने दवडू नये.

राहिला प्रश्न लीद केव्हा घ्यावी याचा. बारामती-इंदापूरचे अनेक वाडे दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणाकडे जातात व मृगाच्या आधी परततात. मधले यजमान ओलसर, कुजट मातीत वाढतात आणि सकाळ-संध्याकाळच्या दमट वेळी गवतावर चढतात. तेव्हा उघड्या माळापेक्षा घाटातील गवतावर, किंवा गावी परतल्यावर नीरा डाव्या कालव्याच्या पाझराने ओल धरलेल्या हिरवळीवर, लागण होण्याचा संभव अधिक, असे अनुमान निघते. मधला यजमान गिळल्यापासून लिदीत अंडी येईपर्यंत सहा ते दहा आठवडे लागतात. म्हणून वाडा परतताच तपासणी केली, तर तिच्यात फाल्गुन-चैत्रातली लागण दिसते. परतीच्या वाटेवर झालेली लागण अजून मुकी असते. ती कळावी यासाठी श्रावणाच्या अखेरीस दुसरी तपासणी करावी लागते. त्या वेळी वाडे गावाजवळ असतात, म्हणून ती करणे सोयीचेही जाते. ताजी लीद, जमिनीला न लागलेली, गोळ्याच्या निरनिराळ्या भागांतून मूठभर घ्यावी, पिशवीतील हवा काढून तोंड बांधावे, सावलीत व शक्य तर थंड जागी ठेवावी, आणि चिठ्ठीवर तट्टाच्या खुणेबरोबरच मागच्या तीन महिन्यांत वाडा कोठे कोठे उतरला होता ती गावे लिहावीत.