परसातील केळ आणि अवघड माती

पुणे-बंगळूर महामार्ग दूधगंगा ओलांडून कर्नाटकात शिरतो, तेथेच निपाणी तालुक्यातील कोगनोळी हे गाव लागते. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांमधील या पट्ट्यात नदीकडील माती स्थूलमानाने काळी व चिकण, तर चढावरील माती मुरमाड, क्वचित चुनखडीची असते. घरामागील परड्यात न्हाणीच्या पाण्यावर केळीचे बेट राखण्याची रीत मराठी मुलखात सर्वत्र जुनी आहे. तथापि अनेक परड्यांत केळ जगते, पण फळत नाही. पानांच्या कडा करपतात, खुंट बारीक राहतो आणि घड आलाच तर तो तोकडा असतो. दोष मुनव्याला किंवा खताला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा तो मातीत साचून राहणाऱ्या पाण्याचा व क्षारांचा असतो.

केळीची प्रकृती

केळ हा वृक्ष नव्हे. तिचा खुंट म्हणजे पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी होय. तिची बहुतेक मुळे वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर थरातच पसरतात. पाणी तिला भरपूर लागते, परंतु मुळाशी दोन-तीन दिवस पाणी तुंबले की हवेअभावी मुळे कुजू लागतात. सामू ६.५ ते ७.५ असलेली, निचऱ्याची जमीन तिला मानवते. जळगाव जिल्ह्यात तापीकाठची खोल गाळाची जमीन अशी असल्याने तेथे केळी पिकते. तेथील पद्धत चिकण मातीच्या परड्यात जशीच्या तशी उचलणे हितावह नाही.

घरच्या घरी परीक्षा

लागवडीपूर्वी तीन साध्या परीक्षा कराव्यात. पहिली निचऱ्याची. ४५ सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसरे पाणी चोवीस तासांनंतरही उभे असेल, तर निचरा वाईट समजावा. दुसरी चोपणपणाची. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घेऊन त्यात मातीचे वाळलेले लहान ढेकूळ न ढवळता ठेवावे. ढेकूळ नुसते फुटले तर चिंता नाही. मात्र त्याभोवती गढूळपणा पसरून पाणी दुसऱ्या दिवशीही निवळले नाही, तर माती चोपण होत चालली आहे असे मानावे. तिसरी चुनखडीची. मातीवर लिंबाचा रस पिळताच बुडबुडे आले तर चुना अधिक आहे. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसणे ही क्षार साचल्याची खूण होय. पक्क्या निदानासाठी माती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. शाळेतील विज्ञानाच्या तासाला या परीक्षा सहज करून दाखविता येतील.

न्हाणीचे पाणी

पूर्वी न्हाणीच्या पाण्यात साबण थोडा असे. आज त्यात धुण्याची पावडर व सोडा मिसळतो आणि या दोहोंत सोडियमचे क्षार असतात. सोडियम मातीतील चुन्याच्या अंशाची, म्हणजे कॅल्शियमची, जागा घेतो. मग चिकण मातीचे कण सुटे होऊन फुगतात, छिद्रे बुजतात आणि माती ओली असता चिकट, वाळली असता दगडासारखी होते. म्हणून कपडे धुतलेले पाणी केळीला कदापि सोडू नये. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी अवश्य द्यावे. पूर्ण वाढलेल्या केळीस उन्हाळ्यात दररोज साधारण १५ ते २० लिटर पाणी लागते, हे ध्यानी घेऊन तीन-चारच खुंट राखावेत.

खड्डा नव्हे, उंचवटा

चिकण मातीत खोल खड्डा खणून त्यात खत-माती भरली की त्याचा हौद बनतो. सभोवारचे पाणी त्यातच उतरते. अशा ठिकाणी ३० ते ४५ सेंटिमीटर उंच व सुमारे दीड मीटर रुंद असा ओटा करावा. त्यात पोयट्याची माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि बाजूने उताराकडे चर काढावा. केरळात भातखाचरांतही दोन चरांमधील उंच वाफ्यांवर केळी घेतली जाते. मुरमाड जागी मात्र खड्डाच इष्ट. तेथे भरपूर शेणखत घालून पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

माती चोपण ठरल्यास अहवालानुसार जिप्सम मिसळावे. परंतु निचऱ्याची सोय नसेल तर जिप्सम व्यर्थ जाते, कारण सुटलेले सोडियम वाहून जाण्यास वाट हवी. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात उसाखालील क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र नळ घालण्यात आले, त्यामागील तत्त्वही हेच आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी ताग किंवा धैंचा पेरून फुलण्यापूर्वी गाडणेही उपयुक्त ठरते.

खत व वाण

प्रत्येक झाडास वर्षभरात २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश लागते. नत्र व पालाश हप्त्याहप्त्याने द्यावे. क्षारयुक्त मातीत म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे. चुलीतील राखेत पालाश असते हे खरे. पण ती अल्कधर्मी असल्याने चोपण किंवा चुनखडीच्या मातीत टाकू नये. चुनखडीत कोवळी पाने पिवळी पडल्यास लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून फवारावे.

बसराई व ग्रँड नैन या जाती क्षारांनी लवकर खचतात. तिरुचिरापल्ली येथे १९९३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राने क्षारयुक्त व चोपण जमिनीसाठी ‘कावेरी सबा’ हा वाण दिला आहे. मुनवा तलवारीसारख्या अरुंद पानांचा व निरोगी बेटातील निवडावा. केळफूल येईपर्यंत बाजूचे मुनवे काढीत जावे. नंतर एकच राखावा.

केळीचा घड वर्ष-सव्वा वर्षात हाती येतो. चोपण झालेली माती पूर्ववत होण्यास मात्र कित्येक वर्षे जातात. यास्तव यंदा मुनवा लावण्याआधी साबणाच्या पाण्याची वाट केळीपासून दूर वळवावी आणि मगच ओटा बांधावा.