रोजच्या जिन्नसांची ओळख : माळकऱ्यांना व्हॅनिला चालतो का?

मागच्या आठवड्यात आपण खाण्याच्या रंगांची माहिती घेतली. आज सुगंधाकडे वळू.

नगर जिल्ह्यात वाढदिवसाच्या केकपाशी पहिली विचारणा चवीची नसते, 'चालतं का?' ही असते. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, इथे गावोगाव माळकरी घरं आहेत. जैन आचार्य आनंदऋषीजी महाराज याच जिल्ह्यातल्या चिचोंडीचे, जैन कुटुंबंही पुष्कळ. राळेगणसिद्धीने तर अख्ख्या गावाची दारू सोडवली. अशा ठिकाणी 'व्हॅनिलात अल्कोहोल असतं' एवढं कानावर आलं की बिनअंड्याचा केकसुद्धा ताटात तसाच राहतो. ही शंका हसण्यावारी नेऊ नये. ज्याने व्रत घेतलंय त्याला नेमकं उत्तर मिळायलाच हवं.

खरा व्हॅनिला म्हणजे एका ऑर्किड वेलीची शेंग. मूळ मेक्सिकोची. फूल जेमतेम एक दिवस टिकतं आणि मेक्सिकोबाहेर प्रत्येक फुलाचं परागीकरण हातानेच करावं लागतं. ही सोपी रीत रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या गुलाम मुलाने १८४१ साली, वयाच्या बाराव्या वर्षी शोधून काढली. शेंगा महिनोन्‌महिने मुरवल्या, वाळवल्या की काळपट, तेलकट होतात आणि मग वास सुटतो. त्या अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला अर्क म्हणजे व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट. अमेरिकी नियमानुसार त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं. हे अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत उसाच्या मळीपासून निघतं तेच.

आता हिशेब मांडू. चमचाभर म्हणजे ५ मिलिलिटर अर्कात पावणेदोन मिलिलिटर अल्कोहोल. केकचे दहा तुकडे केले तर एका तुकड्यात चार थेंबांहून कमी आणि अर्धा तास भाजल्यावर त्यातलाही साधारण तिसरा हिस्साच उरतो. नशेचा प्रश्नच नाही. पण 'अजिबात नाही' असंही म्हणता येत नाही. आइस्क्रीम किंवा मिल्कशेक तर भट्टीत जातच नाही. तिथे घातलेलं सगळं तसंच राहतं.

मात्र आपल्या किराणा दुकानातली २० मिलिलिटरची बाटली बहुधा या अर्काची नसतेच. ते इसेन्स असतं. शेंगेतला मुख्य सुगंधी घटक व्हॅनिलिन. तो १८७४ सालीच जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवला. कंपास आणि रंगपेटीमुळे ज्या दांडेकरांचं 'कॅम्लिन' घराघरात पोचलं, त्याच घराण्यातून निघालेली कॅम्लिन फाइन सायन्सेस आज गुजरातेत दहेजला व्हॅनिलिन तयार करते. इसेन्समध्ये ते बरेचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रवात विरघळवतात. काही बाटल्यांत अल्कोहोलही असतं. म्हणून बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचावीत. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याची खूण आहे, अल्कोहोल नसल्याची नव्हे. हा फरक फार थोड्यांना ठाऊक असतो.

व्हॅनिला कस्टर्ड पावडरीत अंडं असतं, हाही एक समज. आपल्याकडची पावडर बहुधा मक्याच्या पिठाचीच असते. तिच्यात अंडं नाही, पण मका आहे, म्हणून एकादशीला ती नको.

व्हॅनिलाच्या औषधी गुणांबद्दल फार बोललं जातं. प्रयोगशाळेत व्हॅनिलिनचे अँटिऑक्सिडंट गुण दिसतात, हे खरं. पण चमचाभर व्हॅनिला केकमध्ये पसरल्यावर शरीराला त्यातून काही मिळेल, असं मानायला आधार नाही. इसेन्स विकताना असे दावे करणं मला गैर वाटतं. एक फायदा मात्र खरा आहे. व्हॅनिलाच्या वासाने पदार्थ आहे त्याहून गोड वाटतो. दुधात दोन थेंब घालून साखर कमी करून पाहा. मधुमेह असलेल्यांना इसेन्सचं भय नाही. भय 'व्हॅनिला फ्लेवर' लिहिलेल्या सरबतांतल्या आणि दुधाच्या पावडरींतल्या साखरेचं आहे.

जपायचं कुणी? व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल, तर अल्कोहोलचा अर्क अजिबात नको. थोड्या प्रमाणातही त्रास होऊ शकतो. अर्काची ६० मिलिलिटरची बाटली पोराच्या हाती लागली तर तिच्यात २१ मिलिलिटर अल्कोहोल असतं, तेव्हा ती वरच्या फळीवर ठेवा. काहींच्या त्वचेला व्हॅनिलाची ॲलर्जी असते, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. आणि परदेशातून कुणी फार स्वस्तात 'मेक्सिकन व्हॅनिला' आणला तर सांभाळून. त्यात कूमरिन मिसळल्याची प्रकरणं घडली आहेत. यकृताला अपाय करू शकणारं हे द्रव्य आपल्याकडे स्वादासाठी वापरायला बंदी आहे.

नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या बेकरीवाल्यांना एक विनंती. 'एगलेस'ची पाटी लावता तशी व्हॅनिलाची बाटलीही गिऱ्हाइकाने मागितली की दाखवा. आणि वाचकहो, ती मागताना संकोच करू नका.