घरचें कर्ज आणि घरचा आनंद

कर्जबाजारी शेतकऱ्यास उपदेश करणाऱ्यांची आपल्या देशांत कधींच वाण पडलेली नाहीं. उपदेशाचा सूरहि बहुधा एकच असतो: लग्नकार्यांत उधळपट्टी करूं नका, सणवार आंवरा, जत्रेस जाऊं नका, म्हणजे कर्ज आपोआप फिटेल. हा उपदेश अगदींच खोटा आहे असें नाहीं. परंतु तो ऐकून घरांतील सर्व आनंदावर बोळा फिरविणाऱ्या कुटुंबाचें कर्ज खरोखर किती लवकर फिटतें, ह्याचा हिशेब फारसा कोणी मांडीत नाहीं. आमच्या घरीं तो प्रयोग झालेला आहे, आणि तो फसलाहि आहे. म्हणूनच चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

प्रथम एक जुनी हकीकत. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथील बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांवर हल्ला केला, आणि तेथून ते दंगे पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरले. जागोजाग कर्जरोखे व वह्या जाळण्यांत आल्या. पुढें सरकारनें चौकशीसाठीं जें कमिशन नेमलें, त्यानें रयतेच्या कर्जाचीं कारणें तपासून असें नमूद केलें कीं, लग्न व सणसमारंभ ह्यांवरील खर्चास ह्या बाबतींत वाजवीपेक्षां फाजील महत्त्व देण्यांत येतें. तो खर्च खात्यांत असतो खरा, परंतु कर्जाचें मूळ त्यांत क्वचितच सांपडतें. ह्या चौकशीनंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरता शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. दीडशें वर्षांपूर्वीं कमिशनानें जी गोष्ट ओळखली, ती आमच्या ध्यानांत यावयास मात्र आमची स्वतःची वही उघडावी लागली.

आमची जमीन साडेसात एकर. त्यांपैकीं दीड एकर विहिरीवर भिजते. बाकी सर्व पावसाच्या भरंवशावर. घरीं दोन संकरित गाई. विविध कार्यकारी सोसायटीचें ९०,००० रुपयांचें पीककर्ज दरसाल घ्यावयाचें व दरसाल मार्चअखेर भरावयाचें, हा परिपाठ. मार्च २०१८ मध्यें भरण्यास पैसे कमी पडले. तेव्हां सर्वजण करतात तेंच आम्हींहि केलें, म्हणजे ‘नवें-जुनें’. गांवांतील एका गृहस्थांकडून पंधरा दिवसांच्या बोलीनें ८०,००० रुपये उचलून सोसायटींत भरले. नवें कर्ज हातीं पडलें कीं त्यांचे त्यांना द्यावयाचे, असा बेत होता. नवें कर्ज आलें आषाढांत. तोंपर्यंत बियाणें, खत आणि विहिरीवरील जळलेली मोटर हीं दारांत उभीं होतीं. रक्कम तिकडे गेली आणि पंधरा दिवसांचे पैसे घरांत ठाण मांडून बसले. दर ठरला होता शेंकडा दरमहा ३ रुपये. त्याच वर्षीं दुष्काळ पडला.

त्यावर आम्हीं उपाय योजला तो काटकसरीचा, आणि काटकसर म्हणजे काय ह्याची आमची कल्पना कोंडमाऱ्याची होती. २०१८ च्या पाडव्यापासून वर्तमानपत्र बंद, चहांत दूध निम्में, गांवची यात्रा वर्ज्य, मुलीची शाळेची सहल नामंजूर. संध्याकाळीं ओट्यावर कोणी येऊन बसलें तरी चहा करावा लागेल म्हणून आम्हीं दार लोटून घेऊं लागलों. ह्यांतून महिन्याकाठीं फार तर आठशें रुपये वांचत असतील. घरांत मात्र कोणी कोणाशीं धड बोलेना. आणि शेवटीं काय झालें? मे महिन्यांत भाच्याचें लग्न आलें. इतक्या दिवसांचा साठलेला कोंडमारा, त्यांत भावकीसमोर मान खालीं घालावी लागल्याची खंत. मीं इरेस पेटून ७,००० रुपयांचा आहेर केला, तोहि उसनवारीनें. मागील काटकसर एका दुपारीं वाहून गेली. वाचकांपैकीं कित्येकांस हा अनुभव ओळखीचा वाटेल, असें मला वाटतें.

२०१९ च्या दिवाळीपाडव्यास, वहीपूजनाच्या दिवशीं, सौभाग्यवतींनीं विषय काढला. त्या म्हणाल्या, “अहो, किती द्यावयाचें आहे तें एकदां मला सांगा तरी. मी इतके दिवस मीठमिरचींत वांचवतें आहें, पण कशासाठीं तें मला ठाऊक नाहीं.” हें ऐकून मी खजील झालों. लग्नाला अठरा वर्षें झालीं होतीं आणि कर्जाचा आंकडा घरांत मी एकटाच जाणत होतों. खरें सांगावयाचें तर तोहि पुरता जाणत नव्हतों. त्या रात्रीं वहींत प्रथमच चारहि रकमा एकाखालीं एक लिहिल्या. सोसायटीचे ९०,०००, हे मुदतींत भरले कीं केंद्र व राज्य सरकारांच्या सवलतीमुळें व्याज पडत नाहीं. हातउसने ८०,०००, त्यांचें वर्षाचें व्याज २८,८००. पाटल्या तारण ठेवून काढलेले ५०,०००, दर महिना शेंकडा १ प्रमाणें वर्षाचे ६,०००. खतबियाण्याच्या दुकानाची उधारी ३५,०००. दुकानदार व्याज असें म्हणत नाहीं, परंतु रोखीच्या व उधारीच्या भावांतील फरक जोडून पाहिला तर तो दरमहा शेंकडा २ पडतो, म्हणजे वर्षाचे ८,४००. एकूण कर्ज २,५५,००० आणि वर्षाचें व्याज ४३,२००.

ह्या बेरजेकडे पाहिलें तेव्हां डोळे उघडले. हातउसन्याची रक्कम सर्व कर्जाच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी, परंतु व्याजांत तिचा वांटा तब्बल दोनतृतीयांश! आमचें सर्व कुटुंब ज्या आठशें रुपयांसाठीं वर्षभर तोंड पाडून बसलें होतें, त्याच्या तिप्पट रक्कम दरमहा ह्या एका खात्यावर जात होती. दरमहा ३ हा आंकडा जिभेवर लहान वाटतो; वर्षाचा शेंकडा ३६ म्हटला म्हणजे त्याचें खरें रूप दिसतें. ह्या दरानें सरळ व्याज धरलें तरी ३३ महिने १० दिवसांत मुद्दलाइतकें व्याज होतें, आणि चक्रवाढ लावली तर दोन वर्षांच्या आंतच. कर्जाचा कोणताहि आंकडा सालीना दरांत मांडून पाहिल्याशिवाय त्याविषयीं कांहींच ठरवूं नये, असें आमचें आतां ठाम मत झालें आहे.

येथें कायद्याचें थोडें सांगणें अवश्य आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा आहे. त्याखालीं परवानाधारक सावकारानें शेतकऱ्याकडून घ्यावयाचा व्याजाचा दर सरकारनें तारणी कर्जावर सालीना ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के असा ठरवून दिला. परवाना नसतां सावकारी करणें हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षां अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमाचेंच हें रूप होय. कर्जाच्या पोटीं कोणी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून चौकशी मागतां येते. आम्हीं भिडेखातर हा मार्ग धरला नाहीं. तें बरोबर केलें असें म्हणवत नाहीं; ज्यांचें येणें जमिनीवर येऊन ठेपलें असेल त्यांनीं तरी भीड धरूं नये.

आतां फेडीची रीत. दूध संकलन केंद्राचा पगार दर दहा दिवसांनीं होतो, म्हणजे महिन्याचे तीन. पहिला पगार पेंडीस व जनावरांच्या औषधपाण्यास, दुसरा घरखर्चास आणि तिसरा, सुमारें ४,००० रुपयांचा, कर्जास, असें ठरलें. प्रारंभीं ह्या तिसऱ्या पगारांतील ३,६०० रुपये केवळ व्याजांतच जात. मुद्दलास हात लागला तो कांद्यामुळें. त्या सालीं परतीच्या पावसानें पुष्कळांचा कांदा सडला, आमचाहि निम्मा गेला. परंतु जो वांचला त्यास भाव अपूर्व आला. खर्चवजा १,१०,००० रुपये हातीं आले. पूर्वींचा मी असतों तर ती सर्व रक्कम सोसायटीस व विहिरीच्या दुरुस्तीस लावून मोकळा झालों असतों. ह्या खेपेस ६५,००० मार्चच्या भरण्यासाठीं बाजूस ठेवले, भरण्याची बाकी २५,००० ची तोंडमिळवणी ज्वारी-हरभऱ्यांतून करण्याचें ठरविलें, आणि ४५,००० रोख घेऊन जानेवारी २०२० मध्यें त्या गृहस्थांकडे गेलों. रोकड समोर ठेवून बोललें म्हणजे बोलण्यास वजन येतें. उरलेल्या ३५,००० वर दर ३ चा २ करून घेतला व भरलेल्या रकमेची पावती जाग्यावर लिहून घेतली. व्याज एकदम महिना ७०० वर आलें.

पुढील मार्ग सरळ होता असें नाहीं. मार्चांत टाळेबंदी आली, दुधाचा दर पडला, आणि दोन महिने मुद्दलास एक रुपयाहि गेला नाहीं. तथापि तिसऱ्या पगारांतून दिवाळीपर्यंत सुमारें १८,००० फिटले. बाजरी व एक कालवड विकून उरलेले १७,००० दिले आणि चिठ्ठी परत घेऊन फाडली. मग तोच पगार दुकानाच्या उधारीकडे वळविला. ती २०२१ च्या दिवाळीस संपली. लहान कर्ज आधीं फेडावें म्हणजे हुरूप येतो, असें कांहीं जण सांगतात. त्यांत तथ्य असेलहि. आमच्या वहींत मात्र जेथें व्याज अधिक तेथें आधीं, हाच क्रम लाभला.

आणि आनंदाचें काय? वहीच्या त्याच पानावर सौभाग्यवतींनीं एक पांचवें खातें काढविलें: ‘सणवार व करमणूक, दरमहा रुपये ५००’. मीं कुरकूर केली. त्या म्हणाल्या, “हे पांचशें लिहून खर्च करूं, म्हणजे सात हजार न लिहितां जाणार नाहींत.” अर्थशास्त्र ह्यापेक्षां मोठें मला तरी ठाऊक नाहीं. सहलीचे पैसे ह्याच खात्यांतून गेले. यात्रेला गेलों, भेळ खाल्ली, पाळण्यांत मुलें बसलीं, आणि ठरल्या रकमेंत परत आलों.

त्याहून अधिक जें मिळालें त्यास पैसा लागलाच नाहीं. पौषांत शाळू दाण्यांत भरला तेव्हां बांधावर आगटी केली. कित्येक वर्षांत आम्हीं स्वतःच्या शेतांतील हुरडा खाल्ला नव्हता, हें लिहितांना लाज वाटते. शहरांतील मंडळी हल्लीं पैसे मोजून हुरडा खावयास येतात, आणि पिकविणाऱ्याला त्याची आठवण नाहीं! गोवऱ्यांच्या विस्तवांत कणसें खुपसलीं, तळहातावर चोळून दाणे पांखडले, शेंगदाण्याची चटणी, गूळ व घरचें दहीं. आठ शेजारी जमले. ज्यांना चहा द्यावा लागेल म्हणून दार लोटलें होतें, तीच हीं माणसें. बोलतां बोलतां त्यांपैकीं तिघांवर तसलेंच ‘नवें-जुनें’ चें देणें आहे असें निघालें, आणि तिघांनींहि तें घरांत सांगितलेलें नव्हतें. पुढें त्यांतील दोघांनीं आमच्याप्रमाणें वही मांडली.

मोरीचें पाणी चर काढून परसांत वळविलें. तेथें वांगीं, घेवडा, दोडका, अळू व कडेला शेवगा लावला. आठवडे बाजारांत भाजीला जाणारे दोनशें रुपये पन्नाससाठांवर आले. परंतु खरा लाभ निराळाच. संध्याकाळीं दूध घालून आल्यावर आम्हीं उभयतां अर्धा तास तेथें खुरपणी करतों, आणि दिवसभरांतील बोलणें तेवढ्यांत होतें. श्रावणांत वडिलांनीं पांडवप्रताप वाचावयास काढला; त्यांची दृष्टि अधू झाल्यावर मुलगी वाचूं लागली. वर्तमानपत्र विकत घेणें बंदच ठेवलें, कारण वाचनालयांत तें फुकट मिळतें आणि तेथें चार माणसेंहि भेटतात.

कर्जमाफीविषयीं कोणी विचारील. २०१७ व २०१९ ह्या दोन्ही सालच्या माफीयोजना मुख्यतः संस्थांच्या थकीत कर्जांसाठीं होत्या. आम्हीं उसनवारी करून कां होईना, पण भरणा नियमित ठेवला होता, आणि जें देणें डोईजड होतें तें खाजगी. त्यामुळें माफीचा उपयोग झाला नाहीं. त्या वेळीं फार चडफडलों. पुढें २०२२ मध्यें नियमित फेड करणाऱ्यांस ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम मिळाली, तींतून दिवाळीच्या सुमारास पाटल्या सोडविल्या. अशा रकमेच्या आशेवर मात्र आम्हीं वही मांडली नव्हती, व कोणीं मांडूं नये.

सोसायटीचे ९०,००० अद्यापि दरसाल घेतों. फरक इतकाच कीं, मार्चच्या भरण्याची तजवीज आदल्या कार्तिकापासून होते आणि ती रक्कम वेगळ्या बचत खात्यांत राहते. तिसरा पगार आतां विहिरीच्या कामासाठीं सांठतो आहे. पांचव्या खात्याची रक्कम ५०० वरून ८०० करावी अशी मुलीची मागणी आहे, व येत्या पाडव्यास ती वहींत चढेल.